सरकारी बसची धडक, अपघात महाराष्ट्रात, घर बेळगावात: भरपाईचा दावा कुठं आणि कसा लावायचा

प्रश्न असा आलाय. विचारणारे येळ्ळूरकडचे, त्यांचे मोठे भाऊ गवंडीकाम करतात, वय ३४. चार महिन्यांपूर्वी वेंगुर्ला रोडला शिनोळीजवळ मोटरसायकलवरून येताना कर्नाटकातल्या सरकारी बसनं धडक दिली. उजव्या पायाची नडगी मोडली, आत रॉड आहे, गुडघा पूर्ण वाकत नाही. केस चंदगड पोलिसात, इलाज बेळगावच्या खाजगी दवाखान्यात. भावाकडं लायसन नव्हतं. आता एक माणूस घरी येऊन ४० हजार घ्या आणि स्टँप पेपरवर सही करा म्हणतोय. कोर्टात जायचं तर कुठल्या राज्यात जायचं, लायसन नसल्यानं काय मिळणारच नाही का, आणि ४० हजार घ्यावेत का, असे तीन प्रश्न.

मी बेळगावात ट्रिब्युनलची, म्हणजे मोटार अपघात भरपाईच्या कोर्टाची, कामं बरीच वर्षं करतोय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, कारण असा प्रसंग आपल्या भागात घरटी कुणावर ना कुणावर येतोच, आणि लोकांचं नुकसान कायद्यापेक्षा पहिल्या महिन्यातल्या कागदांमुळं जास्त होतं.

सगळ्यात आधी, सही करू नका. पायातला रॉड अजून निघालेला नाही, गुडघा किती वाकणार हे डॉक्टरलाही आज नक्की सांगता येत नाही, मग नुकसान किती ते ठरायच्या आधी हिशोब मिटवायचा कसा? तो स्टँप पेपर उद्या कोर्टात 'यांना पैसे पोचले, तक्रार राहिली नाही' म्हणून पुढं येतो. आपुलकीनं मदत करायची असली तर कोणी स्टँप आणत नाही. माणसाशी भांडू नका, दवाखाना संपल्यावर बघू म्हणा आणि लावून द्या.

आता कोर्ट. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली दावा अपघात झाला तिथं, किंवा जखमी माणूस राहतो अगर धंदा करतो तिथं, किंवा समोरची पार्टी जिथं असते तिथं लावता येतो. म्हणजे अपघात महाराष्ट्रात झाला तरी तुमचा दावा बेळगावच्या ट्रिब्युनलला बिनधास्त चालतो. तिकडं लावला तर कोल्हापूर जिल्ह्यातलं ट्रिब्युनल, आणि अपील मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचला, ते ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालंय. इथं लावला तर अपील कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड बेंचला. माझं मत स्पष्ट आहे, बेळगावातच लावा. जखमी माणूस इथं, डॉक्टर इथं, ज्याच्या हाताखाली काम करायचे तो मेस्त्री इथं, आणि या केसमध्ये डॉक्टर आणि मेस्त्री हेच तुमचे खरे साक्षीदार आहेत, त्यांना घाट ओलांडून तारखेला नेणं कुणालाच परवडत नाही. चंदगडचे पोलिसांचे कागद मराठीत असतील, ते इथं दाखल करताना कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, एवढाच काय तो जास्तीचा खर्च.

मुदतीचं नीट ऐका. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १६६(३) आलं आणि १ एप्रिल २०२२ पासून ते लागू आहे, त्यानुसार अपघातापासून सहा महिन्यांत दावा लावायचा. या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं अंतरिम आदेश देऊन, निकाल लागेपर्यंत मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका असं ट्रिब्युनल्सना सांगितलंय. पण अंतरिम म्हणजे अंतरिम. तुमचे चार महिने गेलेत, दोन राहिलेत, त्या दोनातच लावा. कागद अपुरे असले तरी चालतं, मागाहून दाखल करता येतात.

दावा कुणावर? बाकीच्या गाड्यांना विमा कंपनी असते, पण सरकारी परिवहन महामंडळांना कलम १४६ खाली विम्यातून सूट मिळते आणि ती स्वतःचा फंड ठेवतात. आपल्याकडच्या वायव्य कर्नाटक महामंडळाचं मुख्य ऑफिस हुबळीला आहे, त्यामुळं नोटीस विभागीय नियंत्रक आणि महामंडळ यांच्या नावानं जाते. एक मात्र तपासा, बस महामंडळाचीच आहे की भाड्यानं घेतलेली. भाड्याची असेल तर तिचा वेगळा मालक असतो, विमा असतो, आणि २०११ च्या कुलसुम केसमध्ये सुप्रीम कोर्टानं अशा गाडीची विमा कंपनी सुटत नाही असं म्हटलंय. आरसी काढली की कळतं. शंका असेल तर सगळ्यांनाच पार्टी करा, नंतर जोडत बसण्यात तारखा जातात.

आता मी ज्यावर जास्त बोलणार आहे तो विषय, दवाखान्याचा पहिला कागद. अपघातानंतर माणसाला कोणीतरी अनोळखी उचलून आणतो, कॅज्युअल्टीत विचारतात काय झालं, आणणारा म्हणतो गाडीवरून पडला, आणि ड्युटीवरचा डॉक्टर तेच लिहून टाकतो, 'बाइक स्किड'. झालं! दोन वर्षांनी समोरचा वकील तो एक कागद उचलतो आणि विचारतो, बस कुठाय यात? म्हणून आजच्या आज दवाखान्यात जाऊन केस शीटची, म्हणजे इलाजाच्या नोंदींची, पूर्ण झेरॉक्स मागा, एमएलसी रजिस्टरची (पोलीस केस होणाऱ्या जखमींच्या वहीची) नोंद बघा, त्यात 'बसची धडक' आहे का, तारीख वेळ जागा बरोबर आहे का ते वाचा. चूक असेल तर खाडाखोड करायला सांगू नका, त्यानं जास्त संशय येतो. त्यापेक्षा डॉक्टरना लेखी अर्ज द्या की माहिती जखमीनं नाही तर आणणाऱ्यानं दिली होती, आणि तुमच्या अर्जावर पोच घ्या. आणणारा माणूस सापडत असेल तर त्याचा नंबर जपून ठेवा. लोक घाबरतात, पोलीस आपल्यालाच पकडतील म्हणतात, तसं नाही, कलम १३४अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, साक्षीदार व्हायची जबरदस्तीही त्याच्यावर होत नाही. पण प्रेमानं विचारलं तर बरेच जण येतात, हा माझा अनुभव आहे.

पोलिसांकडून घ्यायचे कागद म्हणजे एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा, वाहन निरीक्षकाचा रिपोर्ट, वूंड सर्टिफिकेट म्हणजे जखमांचा दाखला, नंतर चार्जशीट. यातला नकाशा लोक बघतच नाहीत आणि सगळा खेळ तिथंच असतो. रस्ता किती फूट, बस कुठल्या बाजूला उभी, ब्रेकच्या खुणा कुठून कुठं, काच कुठं पडली. समोरासमोर धडक असेल आणि नकाशात गाड्या मधोमध दाखवल्या असतील तर कोर्ट चूक दोघांवर वाटायला मागंपुढं बघत नाही, आणि तुमच्यावर जेवढे टक्के चूक पडते तेवढी भरपाई कापली जाते. जागेचे फोटो, हॉटेल नाहीतर पंपाचा सीसीटीव्ही असेल तर आत्ता विचारा, बहुतेक ठिकाणी फुटेज थोड्या दिवसांनी आपोआप पुसलं जातं. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणं पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलला पाठवायचा असतो, तुमचे चार महिने झालेत म्हणजे तो गेला का ते चंदगडला विचारा, न जाता बसून असेल तर लेखी मागणी करा.

बऱ्याच जणांना वाटतं की ड्रायव्हर फौजदारी केसमध्ये सुटला तर भरपाई गेली. तसं नाही. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडं सिद्ध व्हावा लागतो, ट्रिब्युनलमध्ये 'असंच झालं असण्याची शक्यता जास्त' एवढं पुरतं, सुप्रीम कोर्टानं हे २००९ च्या बिमला देवी केसपासून वारंवार सांगितलंय.

लायसनचा प्रश्न. जखमीकडं लायसन नसणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याचा दंड होईल, पण फक्त तेवढ्यावरून अपघातात त्याची चूक होती असं धरता येत नाही, सुधीर कुमार राणा केस, २००८. तीन सीट बसले होते म्हणून आपोआप चूक होत नाही, हेही २०२० मध्ये मोहम्मद सिद्दिकी केसमध्ये आलंय. हेल्मेट नव्हतं असं म्हणतील, पण मार पायाला आहे, हेल्मेटचा संबंध काय? फक्त एक करा, खोटं बोलू नका. घरातल्या लायसनवाल्याला गाडी चालवत होता म्हणून पुढं करायचा सल्ला काही लोक देतात, तो मानलात तर खरी केस खोटी होईल आणि सगळं हातचं जाईल.

आता पैशाचं, इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. लोक येऊन विचारतात, अमक्याला फ्रॅक्चरला एवढे मिळाले, आम्हाला का नाही? हाड मोडल्याची रक्कम ठरलेली नसते. वेदनेचे काही पैसे मिळतात, पण मोठा भाग असतो तो पुढच्या कमाईच्या नुकसानीचा, आणि ते नुकसान पुराव्यानं दाखवावं लागतं.

डॉक्टर सर्टिफिकेट देतात 'उजव्या पायाला ३६ टक्के'. कर्नाटकात पद्धत अशी पडलीय की पायाचा आकडा असेल तर त्याचा तिसरा हिस्सा पूर्ण शरीराचा धरतात, म्हणजे १२ टक्के. समजा कमाई महिना १५ हजार धरली, वय ३४ ला सरला वर्मा केसच्या तक्त्याप्रमाणं गुणक, म्हणजे वर्षाची कमाई जितक्या पटीनं धरायची तो वयावर ठरलेला आकडा, १६. मग १५ हजार गुणिले १२ महिने गुणिले १६, म्हणजे २८ लाख ८० हजार, त्याचे १२ टक्के, ३ लाख ४५ हजार ६००. बहुतेक केसेस इथंच थांबतात.

पण २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की शरीराचा टक्का आणि कमाईचा टक्का एक नाही, हा माणूस आधी काय काम करायचा आणि आता काय करू शकतो ते बघा. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याचा गुडघा वाकला नाही तर त्याचा धंदा चालतो. गवंड्याला परांचीवर चढायचंय, उकिडवं बसून फरशी लावायचीय, घमेलं घेऊन जिना चढायचाय. गुडघा न वाकणारा गवंडी हा गवंडी राहत नाही, फार तर खाली उभं राहून प्लास्टर करील. हे कोर्टासमोर पुराव्यानं आलं आणि कमाईचं नुकसान ३० टक्के धरलं गेलं, तर वरच्याच हिशोबानं ८ लाख ६४ हजार होतात. त्यावर भविष्यातल्या वाढीचे, स्वतःचं काम करणाऱ्याला ४० वर्षांच्या आत ४० टक्के, हे २०१७ च्या प्रणय सेठी केसमधलं गणित लागलं तर १२ लाख ९ हजार ६००. ही वाढ जखमींच्या केसमध्ये देत नाहीत असं समोरून सांगतात, पण २०२२ च्या सिद्राम केसमध्ये, जी आपल्या कर्नाटकातूनच वर गेली होती, सुप्रीम कोर्टानं कायमचं अपंगत्व आलेल्या जखमीलाही ती देता येते असं म्हटलंय. किरकोळ टक्केवारीला कोर्टं ती द्यायला नाखूष असतात हे खरं, तरी मागणी लेखी घातलीच पाहिजे. पाय तोच, माणूस तोच, आणि साडेतीन लाख ते बारा लाख एवढा फरक फक्त पुराव्यानं पडतो, म्हणून मी एवढं जीव तोडून सांगतोय.

मग पुरावा कुठला? एक, इलाज केलेल्या डॉक्टरचीच साक्ष. सर्टिफिकेटपुरता गाठलेला, माणसाला एकदाच बघितलेला डॉक्टर उलटतपासणीत टिकत नाही. डॉक्टरना कोर्टात यायला वेळ नसतो, त्यांची साक्ष कोर्टानं नेमलेल्या कमिशनरमार्फत घेता येते, तसा अर्ज करा. त्यांच्या तोंडून 'गुडघा इतके अंश वाकतो, उकिडवं बसता येणार नाही, उंचीवर चढून काम करता येणार नाही' हे कामाच्या भाषेत आलं पाहिजे, नुसता टक्का नको. आणि अपंगत्वाची तपासणी हाड जुळून स्थिर झाल्यावरच, घाई करू नका, दावा आधी लावता येतो.

दोन, कमाई. गवंड्याला कोण पगारपत्रक देतं? मेस्त्री नाहीतर कंत्राटदार साक्षीला आणा, त्याच्या वहीत हजेरी असेल तर ती वही, फोनपे गुगलपेवर आलेली मजुरी, पासबुक, घरबांधणी कामगार मंडळाचं लेबर कार्ड असेल तर ते. कार्ड असेल तर त्या मंडळाकडंही अपघात मदतीचा वेगळा अर्ज करता येतो, तो राहून देऊ नका. काहीच कागद नसला तरी कोर्टाला हात वर करता येत नाहीत. २०११ च्या रामचंद्रप्पा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं कर्नाटकातल्याच एका हमालाचं स्वतःच्या कमाईबद्दलचं म्हणणं कागदाशिवाय मान्य केलं होतं. शिवाय लोकअदालतीसाठी राज्य विधी सेवा प्राधिकरणानं अपघाताच्या वर्षाप्रमाणं गृहीत कमाईचा तक्ता केलाय, कोर्टंही तोच धरतात, त्यामुळं त्याच्या खाली तडजोड करायचं कारणच नाही. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही किंमत धरतात, 'ती कमवत नव्हती' म्हणून दावा सोडू नका.

बाकी रकमा म्हणजे मूळ बिलं, औषधाच्या पावत्या, येण्याजाण्याचं भाडं, सोबत राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, पौष्टिक आहार, बसून राहिलेल्या महिन्यांची कमाई. आणि पुढचं रॉड काढायचं ऑपरेशन, त्याचा अंदाजे खर्च डॉक्टरकडून लेखी घ्या, हे जवळजवळ सगळे विसरतात.

बेदरकारी सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख अशी ठरलेली रक्कम आहे, हाड मोडलं की ती गंभीर दुखापतच. पण ती स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. साक्षीदार नाही, नकाशा विरोधात, अशी केस असेल तरच तो रस्ता धरा. तुमची तशी वाटत नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. बसमध्ये बसलेले असताना जखमी झालात तर तिकीट जपा, मशीनचं तिकीट थोड्या दिवसांत पांढरं पडतं, लगेच फोटो काढा. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात. तो अर्ज कोर्टात करायचा नसतो, अपघात झाला त्या तालुक्याच्या तहसीलदार किंवा प्रांताकडं करायचा. इथं मात्र राहण्याचं ठिकाण चालत नाही, चंदगड हद्दीत झाला तर चंदगडलाच. आणि मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस इलाज योजना आहे, नेमलेल्या दवाखान्यात अपघातापासून सात दिवस दीड लाखापर्यंत, ऍडमिट करतानाच विचारा.

ट्रॅक्टर आणि टेम्पोबद्दल कळकळीनं सांगतो. सौंदत्तीला यल्लम्माला, चिंचलीला मायाक्काला लोक मालाच्या टेम्पोत बसून जातात, आणि अपघात झाला की विमा कंपनी म्हणते मालगाडीत फुकट बसलेला प्रवासी आमच्या पॉलिसीत नाही. २००३ च्या आशा राणी केसपासून कायदा त्यांच्या बाजूनं आहे, मग वसुली गाडीमालकाकडून, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच गावचा, आपल्यासारखाच गरीब. ऊसतोडीच्या मजुरांचं वेगळं, ते कामावर असतील तर कामगार म्हणून भरपाई मागायचा रस्ता आहे, पण दोन्हीपैकी एकच निवडता येतो. स्वतःच्या घरच्या मोटरसायकलवर मागं बसून पडलात तर नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागचा माणूस येत नाही, पॅकेज पॉलिसी लागते.

तडजोडीला मी विरोध करत नाही. लोकअदालतीत केस लवकर मिटते, पण तिथल्या निकालावर अपील नाही, म्हणून डॉक्टरची साक्ष झाल्यावर, आकडा स्वतः मांडून, मगच बसा. तिथं बोलणं बहुतेक कन्नडमधून चालतं, शपथपत्रं कन्नड नाहीतर इंग्रजीत असतात. न कळणाऱ्या कागदावर सही करायची नाही, वकिलाला मराठीत वाचून दाखवा म्हणायचं. लाज वाटायचं कारण नाही, तो तुमचा हक्क आहे.

वकिलाच्या फीचं आधीच ठरवा. भरपाईतले इतके टक्के माझे, असा करार बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. कोरा चेक कुणाला देऊ नका, दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्या एजंटाला तर अजिबात नको. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. बाया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग यांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो.

निकालानंतर व्याज दावा लावल्याच्या तारखेपासून मिळतं, इकडं साधारण वर्षाला सहा टक्के. रक्कम ट्रिब्युनलमध्ये जमा होते, काही भाग मुदत ठेवीत घालतात, बाकी जखमीच्या स्वतःच्या खात्यावर येते, तेव्हा भावाच्या एकट्याच्या नावाचं, बंद न पडलेलं बँक खातं आत्ताच तयार ठेवा. महामंडळानं भरायला वेळ लावला तर अंमलबजावणीचा अर्ज करायचा, त्यात बस जप्तीचा हुकूमही निघतो. अपीलाची मुदत ९० दिवस, ती दोघांनाही आहे, म्हणजे रक्कम कमी वाटली तर तुम्हीही धारवाडला जाऊ शकता, फक्त ट्रिब्युनलमध्ये जे पुरावे गेले त्यावरच तिथं बोलता येतं, नवीन पुरावा सहसा घेत नाहीत. या आठवड्यात केस शीटची झेरॉक्स आणि चंदगडचे कागद तेवढे काढून आणा, दावा त्यावर लागतो.